नातवाचं वजन आणि आजीची तुपाची वाटी

«डॉक्टरबाई, मी कोथरूडला मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहते. नातू ११ वर्षांचा. उंची १४२ सेंटीमीटर, वजन ५१ किलो, कमरेला ३२ ची पँट लागते. जन्मला तेव्हा जेमतेम २.१ किलोचा होता. बाळसं धरत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनीच त्याला जपलं, भरवलं. आता सोनोग्राफीत यकृतावर चरबी आली आहे. सून म्हणते, हे तुमच्या तुपामुळे झालं. मी मूळची इंदापूर तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या खाऊन दिवस काढलेत. पोरानं पोटभर खावं असं वाटलं तर माझं काय चुकलं? तो शाळेतून येतो, चॉकलेटची पावडर घातलेलं दूध आणि बिस्किटं खातो, मग क्लास, मग साडेनऊला जेवण. मोबाइलशिवाय घास उतरत नाही. झोपायला साडेअकरा होतात, सकाळी सहाला उठतो. मुलं त्याला ‘ढोल्या’ म्हणतात. घरी येऊन नुसता खातो, बोलत नाही. मानेवर काळा मळ साचतो, डाळीचं पीठ लावून कितीही घासलं तरी निघत नाही. त्याचे बाबा चाळिशीतच साखरेच्या गोळ्या घेतात. वजन उतरवायला याचं रात्रीचं जेवण बंद करावं का? – एक आजी»

आजी, सप्रेम नमस्कार.

आधी मानेचं सांगते, कारण ते घासणं आजपासून थांबायला हवं. तो मळ नव्हे. मानेच्या मागे, काखेत, जांघेत अशी जाडसर, काळपट, मखमली कातडी दिसू लागते तेव्हा रक्तात इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त फिरत असतं. रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन. स्नायू आणि यकृत त्याला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणि त्या वाढीव इन्शुलिनमुळे त्वचेच्या पेशीही जोमाने वाढू लागतात. डाळीच्या पिठाने, लिंबाने किंवा गोरेपणाच्या क्रीमने ते जायचं नाही. घासून घासून त्याची मान सोलवटेल, आणि आपण घाणेरडे आहोत असं त्याच्या मनात बसेल ते वेगळंच. वजन आटोक्यात आलं, हालचाल वाढली की हा पट्टा सावकाश फिका होतो. उपाय लागू पडतोय की नाही, हे पुढच्या काही महिन्यांत तुम्हाला त्याच्या मानेवरूनही कळेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर लगेच देते: रात्रीचं जेवण बंद करू नका. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी झोपवलं तर तो दुसऱ्या दिवशी दुप्पट खातो, किंवा लपून खातो. शिवाय या वयात वजन भराभर उतरवायची घाईही नसते, कारण उंची आपल्या मदतीला असते. आज त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर आहे. वजन ५१ वरच राहिलं आणि उंची १४८ झाली, तर एक किलोही न उतरवता तो २३ च्या आसपास येईल. किती थोपवायचं, किती उतरवायचं हे त्याचे डॉक्टर वाढीच्या तक्त्यावर बघून ठरवतील. मोठ्या माणसांचे आकडे मुलांना जसेच्या तसे लागत नाहीत. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी वेगळे तक्ते काढले. आपल्या पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा त्या कामात मोठा वाटा आहे. त्या तक्त्यावर तुमचा नातू लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर एक दोरी घ्या. त्याच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती लावून बघा. दोन्ही टोकं एकमेकांना भिडायला हवीत. त्याच्या उंचीच्या निम्मे होतात ७१ सेंटीमीटर, आणि ३२ इंच म्हणजे ८१. मला वजनकाट्यापेक्षा हे १० सेंटीमीटर जास्त काळजीचे वाटतात. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी हीच सगळ्यात त्रास देणारी असते.

आता त्या २.१ किलोबद्दल. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुम्ही ती ओघात लिहून गेलात, पण या विषयावर जगात जे काम झालं त्यातलं फार मोलाचं काम तुमच्याच शहरात झालंय. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या लक्षात आलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ लहान जन्मतात. आपल्या खेड्यांत सरासरी २.७ किलो, तिकडे साडेतीनच्या आसपास. पण या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी भरतात, चरबी मात्र तेवढी कमी होत नाही. दिसायला किडकिडीत, आतून चरबीयुक्त. १९९९ मध्ये त्यांनी पुण्यातल्या आठ वर्षांच्या मुलांची माहिती छापली. जी मुलं जन्मताना लहान होती आणि आठव्या वर्षी अंगाने भरली होती, त्यांच्यातच इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. तुमचा नातू याच वाटेने आला आहे.

याचा अर्थ तुम्ही भरवलंत हे पाप केलंत, असा होत नाही. २.१ किलोच्या बाळाला भरवायचंच असतं. प्रश्न एवढाच की ते कुठे थांबायचं हे कुणी सांगितलं नाही. वर्ष-दोन वर्षांत त्याने वाढीची रेषा गाठली असेल, तेव्हा त्याच्या वजनाबद्दलची भीती संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण ती फार जुनी होती. बहात्तर साली ज्या मुलीने रेशनवरच्या मिलोची लालसर भाकरी खाल्ली, दुष्काळी कामावर मिळणारा सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ पाहिला, तिला भरलेलं अंग म्हणजेच तब्येत वाटणार. त्या पिढीत खरंच तसं होतं. आणि शरीरही अशा उपासमारीची आठवण ठेवतं. पुण्यातच ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे दोन पिढ्या त्यांना पोटभर खाऊ घातलं, तरी मधुमेहाकडे आणि चरबीकडे असलेला त्यांचा कल गेला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तरीही ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या टंचाई सोसली, त्या घरात एकदम मुबलक अन्न आलं की मधुमेह इतक्या लवकर का शिरतो, हे समजायला त्याची मदत होते. तुमच्या मुलाला चाळिशीत गोळ्या लागल्या, त्याचाही धागा इथेच कुठेतरी असणार.

आता तूप.

एक चमचा तूप म्हणजे साधारण ४५ कॅलरी. गरम वरण-भातावर चमचाभर, पोळीला बोट लावल्यासारखं, एवढ्याने मूल लठ्ठ होत नाही. वाटीने वाढत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा चमचा ठरवा. पण सुनेने ज्या तुपाकडे बोट दाखवलं, त्याच्या शेजारी शाळेतून आल्यावरच्या खाण्याचा हिशेब ठेवा. साध्या ग्लुकोज बिस्किटांत १०० ग्रॅमला सुमारे ४५० कॅलरी आणि २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. अर्धा पुडा गप्पांत संपतो. दुधातल्या त्या पावडरीतही बरीचशी साखरच असते. अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली विकू नयेत, असं केंद्र सरकारला २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं. दूध सोडून नुसती पावडर आणि बिस्किटं धरली तरी तीनशे कॅलरीच्या आसपास जातात, आणि तासाभरात पोरगा पुन्हा भुकेला. लहान मुलाच्या पोटात दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहावी असं सांगितलं जातं. तो आकडा तुमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजायच्या आतच ओलांडला जातो. क्लासच्या बाहेर थंड पेयाची ३०० मिलीची बाटली घेतली, तर तिच्यात आणखी ३० ग्रॅमहून जास्त.

पाकिटातलं खाणं माणूस जास्त का खातो, हे अमेरिकेत नीट मोजून पाहिलंय. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत २० माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं. दोन्हीकडे साखर, चरबी, मीठ, चोथा जवळपास सारखं ठेवलं आणि ‘हवं तेवढं खा’ म्हटलं. पाकिटाच्या आठवड्यांत माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन वाढलं. ती मोठी, समजदार माणसं होती. तुमच्या ११ वर्षांच्या नातवाकडून आपण काय संयम मागतो आहोत?

म्हणूनच त्याला हावरट म्हणणारा प्रत्येक माणूस मला खटकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १९९० मध्ये ५ ते १९ वयोगटातली ८ टक्के मुलं जादा वजनाची होती, २०२२ मध्ये २० टक्के झाली. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. एका पिढीत सगळ्या जगातल्या पोरांचा स्वभाव बिघडत नाही. त्यांचा दिवस बदलला. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आज तुमच्या नातवाला सायकलवरून कर्वे रस्त्यावर पाठवा, असं मी तुम्हाला म्हणूच शकत नाही. सोसायटीत खेळायची जागा होती तिथे गाड्या लागल्या. उरलेल्या जागेत ‘बॉल खेळू नये’ अशी पाटी. शाळा व्हॅनने, क्लास स्कूटरवर मागे बसून, घर लिफ्टने. त्याच्या पायांना दिवसभरात काही कामच उरलं नाही. त्याच्या वयाला रोज एक तास दम लागेल अशी हालचाल हवी आणि निदान नऊ तास झोप. त्याला मिळते साडेसहा तास. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वर जातं, पोट भरल्याचं सांगणारं खाली येतं, आणि मन गोडाकडे, तळलेल्याकडे ओढ घेतं. रात्री अकरा वाजता तो स्वयंपाकघरात डबे उघडत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी झोपेचं बघायला हवं.

तर माझं सांगणं असं, की या घरात तुपाचा खटला बंद करा आणि त्याचा दिवस बदला. आणि आजी, तो बदलण्याची सगळ्यात मोठी ताकद तुमच्या हातात आहे. आई-बाबा कामावर असतात तेव्हाची संध्याकाळ तुमच्याकडे आहे.

तो शाळेतून आला की त्याला खरंच भूक लागलेली असते. तेव्हा त्याला जेवायलाच वाढा. भाजी-पोळी, मटकीची उसळ आणि भाकरी, कमी तेलावरचं थालीपीठ आणि दही, अंडं चालत असेल तर अंडं. साधं दूध, पावडर नाही. हुलग्याचं माडगं करता येत असेल तर करून बघा. इंदापूरकडच्या हाताला ते जमतंच, आणि हुलग्यात प्रथिनं चांगली असतात. वाढत्या मुलाच्या स्नायूंना प्रथिनं लागतातच. मग क्लासहून आल्यावर साडेनऊचं जेवण आपोआप हलकं होईल: वरण-भात, कोशिंबीर, ताक. चमचाभर तूपही. झोपही लवकर लागेल. बिस्किटं त्याच्यासाठी वेगळी बंद करू नका, घरातच आणू नका, कुणासाठीच. एकट्या मुलाच्या ताटाला कुंपण घातलं की ते त्याला शिक्षेसारखं वाटतं. घरात तेल किती येतं तेही बघा. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरेसं असतं, म्हणजे तुम्हा चौघांना दोन लिटर.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून मागते, आणि ती तुम्हाला जड जाईल. ‘अजून एक घे’ म्हणणं सोडा. त्याने हात आखडला की तो त्याच्या पोटाचा निरोप असतो. आपण आग्रहाने तो निरोप परत पाठवतो, आणि वर्षानुवर्षं तसं झालं की मूल तो ऐकायचंच विसरतं. ताट रिकामं करायची सक्तीही नको. उरलं तर उरलं. दुष्काळ पाहिलेल्या बाईला हे सांगताना मला अवघड वाटतं, पण पहिल्यांदाच कमी वाढा. त्याने मागितलं तर जरूर द्या. मोबाइलचंही तेच. डोळे पडद्यावर असले की किती खाल्लं याची नोंद राहत नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला तशीही वीसेक मिनिटं लागतात. हा नियम मोठ्यांनाही लागू हवा. बाबांचा फोन ताटाशेजारी असेल तर मुलगा ऐकणार नाही.

क्लासबद्दल मला आई-बाबांना थेट सांगायचंय. सहावीतल्या मुलाची संध्याकाळ आठवड्यातले सगळे दिवस विकत घेऊ नका. निदान तीन दिवस त्याला मैदान द्या. कबड्डी असो, फुटबॉल असो, पोहणं असो. जाड मुलांना पोहणं अनेकदा आवडतं, कारण पाण्यात वजन जाणवत नाही आणि गुडघ्यांवर ताण येत नाही. त्याला कुठला खेळ आवडतो हे त्यालाच विचारा. रविवारी बाबांनी त्याला घेऊन म्हातोबाची टेकडी चढावी, कधी पर्वतीच्या पायऱ्या. हे बाबांसाठीही आहे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणून आपल्याकडे मोठ्यांसाठी २३ पासूनच सावध व्हायचं, २५ ला लठ्ठपणा म्हणायचा, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या, बायकांची ८० च्या आत ठेवायची. बाबांनी स्वतःची दोरी स्वतः लावून बघावी.

‘ढोल्या’बद्दल. कृपा करून हे हसण्यावारी नेऊ नका. चिडवल्याने कुणाचंही वजन उतरत नाही. उलट मूल मैदानावर जायला लाजतं, आरशाला घाबरतं, एकटं बसून खातं. तो घरी येऊन नुसता खातो, बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्याचं दुःख तिथे आहे. वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा आणि नावं घेऊन सांगा. आणि घरात कुणीही, लाडानेसुद्धा, त्याच्या अंगावरून नाव ठेवू नये. आल्यागेल्या पाहुण्यांनी ‘काय रे, किती सुटलास’ म्हटलं तर तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही त्यांना थांबवा. त्याच्यासमोर तुम्ही आणि सूनबाई तुपावरून भांडता तेव्हा त्याला ऐकू जातं ते एवढंच, की माझ्या अंगामुळे घरात भांडणं होतात.

हे सगळं का इतकं मनावर घ्यायचं? कारण किशोरवयात टिकलेला लठ्ठपणा बहुतेकांच्या बाबतीत पुढेही टिकतो. यकृतावरची चरबी आज मुकी आहे, दुखत नाही. पण ती वर्षानुवर्षं राहिली तर यकृताला सूज येते आणि ते हळूहळू निबर होत जातं. आज धरलं तर ते बहुतेक वेळा पूर्ववत होतं. मधुमेह लहानपणी लागला तर मोठेपणी लागणाऱ्यापेक्षा डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवर लवकर उतरतो. रक्तदाब, गुडघे, पित्ताशयातले खडे, पुढच्या वयातले काही कर्करोग यांचाही लठ्ठपणाशी संबंध आहे. तो रात्री घोरतो का, हे तुम्ही लिहिलं नाही. घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा थांबत असेल, वर्गात पेंगत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायरॉइडची शंका लोक काढतीलच. त्याची उंची वयाप्रमाणे वाढते आहे, त्यामुळे तशी शक्यता कमी. हार्मोनच्या बिघाडाने आलेल्या लठ्ठपणात उंची सहसा खुंटते. जाहिरातीतली वजन उतरवायची पावडर, काढे, आणि मोठ्यांसाठी हल्ली निघालेली इंजेक्शनं यांच्या वाटेला आपल्या मनाने अजिबात जाऊ नका.

बालरोगतज्ज्ञांकडे जाताना सोनोग्राफीचा कागद आणि जन्माच्या वेळचं कार्ड बरोबर न्या. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी), यकृतासाठी एसजीपीटी आणि कोलेस्टेरॉल या तपासण्यांबद्दल विचारा. रक्तदाब मोजायला त्याच्या दंडाच्या मापाचा पट्टा वापरायला सांगा, मापाचा नसला तर आकडा चुकतो. बाबांना मधुमेह आहे हे सुरुवातीलाच सांगा. तीन महिन्यांनी पुन्हा उंची, वजन आणि कंबर मोजून घ्या, मधे रोज काट्यावर उभं करू नका. आणि सूनबाईंबरोबर तुम्हीही जा. डॉक्टर जे सांगतील ते दोघींनी एकाच वेळी ऐका, तिथेच एका कागदावर लिहून घ्या, आणि घरी आल्यावर तो कागद फ्रिजवर लावा.